‘तक्रारी निरंक’ म्हणजे मुले सुरक्षित नव्हेत

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, छत्रपती संभाजीनगर

महोदय,

सोयगावपासून पैठणपर्यंत आणि वैजापूरपासून सिल्लोडपर्यंतच्या शाळांची माहिती औरंगपुऱ्यातल्या आपल्या कार्यालयात रोज येत असते. गणवेश किती वाटले, किती मुलांचे आधार जुळले, पोषण आहाराचा तांदूळ किती शिल्लक आहे. या माहितीत विद्यार्थ्यांच्या तक्रारींचाही एक रकाना असतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरीची सगळी वर्षे शिकवले. तो रकाना कसा भरला जातो, हे मी जवळून पाहिले आहे. मुख्याध्यापक ‘निरंक’ लिहितात, केंद्रप्रमुख ते गोळा करतात, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात त्याचे एकत्रीकरण होते आणि आपल्या टेबलावर येईपर्यंत त्याचा अर्थ ‘सगळे ठीक आहे’ असा झालेला असतो. शंभर मुलांच्या शाळेत वर्षभरात एकाही मुलाला काहीच सांगावेसे वाटले नाही, यावर घरातली कुणी आई विश्वास ठेवणार नाही. प्रशासन मात्र दरवर्षी ठेवते. म्हणून हे पत्र.

नियम कमी आहेत असे माझे म्हणणे नाही. शाळेत तक्रारपेटी लावण्याचे परिपत्रक 5 मे 2017 रोजी निघाले. 10 मार्च 2022 च्या शासन निर्णयाने विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समित्या आल्या. बदलापूरच्या घटनेनंतर 21 ऑगस्ट 2024 रोजी शासनाने पुन्हा निर्णय काढला. त्यात सीसीटीव्ही कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, विद्यार्थी सुरक्षा समिती आणि पुन्हा एकदा तक्रारपेटी होती. कॅमेऱ्यांचे चित्रीकरण मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा तपासावे, असेही त्यात म्हटले आहे. ज्या शाळेत एकच शिक्षक दोन वर्ग सांभाळून ऑनलाइन माहितीही भरतो, तिथे हे तपासणार कोण, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. मला विचारायचे आहे ते वेगळेच. या सगळ्या व्यवस्थेत मुलाने बोलायचे कुठे, कुणाजवळ, आणि बोलल्यावर पुढे काय होते?

बदलापूर आठवा. तीन-चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेच्याच स्वच्छतागृहात अत्याचार झाला. तो उघडकीला आला तो कॅमेऱ्यामुळे किंवा समितीमुळे नव्हे. इतक्या लहान लेकरांनी आपल्या घरी, आपल्या तोडक्यामोडक्या भाषेत सांगितले, आणि घरच्यांनी ते खरे मानले. पुढचा सगळा विलंब मोठ्यांचा होता. शाळेने वेळेवर हालचाल केली नाही. पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. 20 ऑगस्ट 2024 रोजी लोक रेल्वे रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेच्या व्यवस्थापनातल्यांवरही, कळूनही न कळवल्याबद्दल, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. त्या दोन लेकरांनी आपले काम चोख केले होते. ऐकणाऱ्यांची साखळी मात्र पहिल्याच कडीला तुटली.

आपल्या शहरातले उदाहरण तर आणखी बोलके आहे. 30 जून 2025 रोजी छावणीतल्या विद्यादीप बालगृहातून नऊ मुली पळाल्या. आत छळ होतो, असे त्या सांगत होत्या. मग चौकशी लागली, विधिमंडळात प्रश्न आला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. बालगृह म्हणजे शाळा नव्हे आणि ते आपल्या अखत्यारीत येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही हे उदाहरण आपल्यासमोर ठेवते, कारण बालगृहांचे नियम शाळांच्या नियमांपेक्षा कितीतरी बारकाईने लिहिलेले आहेत. बाल न्याय कायद्याखालच्या 2016 च्या आदर्श नियमांनुसार प्रत्येक संस्थेत मुलांच्या समित्या असायला हव्यात. सूचनापेटी कार्यालयापासून लांब, मुलांच्या राहण्याच्या खोल्यांजवळ लावायची आहे. तिची किल्ली संस्थेतल्या अधीक्षकांकडे न ठेवता व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे ठेवायची आहे आणि पेटी दर आठवड्याला मुलांच्या समितीसमोर उघडायची आहे. नियम करणाऱ्यांना पेटीचे मर्म पुरते कळले होते. तरीही त्या मुलींना आपले म्हणणे मांडण्यासाठी भिंतीबाहेर पडून शहराच्या रस्त्यावर यावे लागले. आतल्या आत तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसणाऱ्या मुलाला कागदावरचा नियम दिसतही नाही.

त्याच वर्षी मांडकीच्या निवासी शाळेतल्या मतिमंद मुलांना मारहाण होत असल्याची दृश्ये बाहेर आली आणि जिल्हा हादरला. त्या लेकरांना चिठ्ठी लिहिता येत नाही. काहींना झालेले सांगताही येत नाही. त्यांच्या शाळेचा तक्रारींचा रकाना शंभर वर्षे कोराच राहील.

आता मुलांविषयी थोडे लिहिते, कारण परिपत्रकांत मुले कुठेच नसतात. मी वर्गात अधूनमधून कोऱ्या चिठ्ठ्या वाटत असे. नाव लिहायचे नाही, शाळेत काय नको वाटते ते लिहायचे. पहिल्या खेपेला बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘काही नाही’ असेच असे. मुले अंदाज घेत असतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बारीकसारीक गोष्टी येऊ लागत. मुलींच्या शौचालयाला आतून कडी नाही. पाण्याच्या टाकीत शेवाळ आहे. मागच्या बाकावरचा मुलगा चिमटे काढतो. अमुक सर जातीवरून बोलतात. मानव विकास योजनेची मुलींसाठीची निळी एसटी बस फाट्यावर थांबत नाही, मग मागून येणाऱ्या जीपमध्ये बसावे लागते आणि जीपमध्ये माणसे अंगाला अंग लावतात.

या शेवटच्या चिठ्ठीकडे आपण नीट पाहावे अशी विनंती आहे. त्या मुलीने तक्रार बसची केली आहे. खरे सांगायचे होते ते तिने वाक्याच्या शेपटाला, चाचरत, लावून दिले आहे. मुले अशीच सांगतात. मोठी गोष्ट सांगण्याआधी छोटी गोष्ट पुढे करून बघतात. कडी नाही असे लिहिले आणि आठ दिवसांत कडी बसली, तर त्या मुलीला कळते की इथे लिहिलेले कुणीतरी वाचते आणि वाचणारा आपल्यावर चिडत नाही. मग एखाद्या दिवशी ती कडीपेक्षा जड गोष्ट लिहील. कडी वर्षभर बसलीच नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘हे कुणी लिहिलं?’ म्हणून वर्गात अक्षरे जुळवून बघितली गेली, तर त्या शाळेतली पेटी कायमची मुकी होते. पुढे तिथे काहीही घडले तरी अहवाल निरंकच येणार. मुलांची सुरक्षितता कुठून सुरू होते असे मला कुणी विचारले, तर मी कॅमेऱ्याआधी शौचालयाच्या या साध्या कडीचे नाव घेईन.

मुली गप्प राहतात याला आपल्या भागात आणखी एक कारण आहे आणि ते जिल्हा परिषदेच्या प्रमुखांनी समजून घ्यायला हवे. रस्त्यात कुणी त्रास देते असे घरी सांगितले, तर बाप त्या मुलाला जाब विचारायला जाईलच असे नाही. तो मुलीची शाळा बंद करेल. शाळा बंद झाली की सोयरीक येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते, आणि मराठवाड्यात परिस्थिती राज्याच्या सरासरीहून बिकट आहे. म्हणून आठवीतली पोर हिशेब करते. सांगितले तर शाळा जाईल, नाही सांगितले तर निदान दहावीचे पेपर तरी देता येतील. ती भित्री असते म्हणून गप्प राहते, असे नाही. तिने दोन संकटांतले लहान संकट निवडलेले असते. तक्रार केल्यावरही तुझी शाळा सुटणार नाही, ही हमी तिला कोण देणार? तिच्या घरी जाऊन बापाशी कोण बोलणार? सखी सावित्री समितीला एखादे काम नेमून द्यायचे तर मी हे देईन.

मुलाचे म्हणणे विचारात घ्या, त्याला छळू नका, असे सांगणारे कायदे आपल्याकडे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमानुसार मुलाला आपल्याविषयीच्या प्रत्येक बाबीत मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्याचे वय व समज पाहून त्या मताला वजन द्यायचे आहे. भारताने ही संहिता डिसेंबर 1992 मध्ये मान्य केली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना 1 एप्रिल 2010 पासून बंदी आहे. तरी नोव्हेंबर 2025 मध्ये वसईत, उशिरा आली म्हणून शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला आणि सहावीतली ती मुलगी काही दिवसांतच गेली. उठाबशा मोजल्या जात असताना बाकीची मुले बघत असतीलच. अशा वेळी धावत जाऊन सांगावे असे ‘कुणीतरी’ शाळेत असते, हे आपल्या मुलांना कुणी शिकवलेलेच नाही. बाईंनी शिक्षा दिली की ती बरोबरच असते, हे मात्र घरापासून शिकवलेले असते.

शाळा व्यवस्थापन समितीत महाराष्ट्राने दोन विद्यार्थ्यांनाही जागा दिली आहे, त्यांत किमान एक मुलगी. ही चांगली तरतूद आहे. प्रत्यक्षात ही दोन मुले बैठकीच्या दिवशी पाण्याचे ग्लास आणून ठेवतात, खुर्च्या मांडतात आणि इतिवृत्तावर सही करून वर्गात परत जातात. कुठे कुठे ती नेमलीच जात नाहीत. हुशार मुलगा आणि सरपंचांची नात अशी निवड होते. ज्या मुलांना सांगायचे असते ती मुले वेगळी असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत महिना-महिना शाळेत न येणारी, ऊसतोडीहून परतलेली, वाळूजच्या कंपन्यांमुळे परप्रांतातून आलेली आणि अजून मराठी नीट न येणारी, उर्दू माध्यमात शिकणारी, अपंग. पेटीत उर्दूतली चिठ्ठी पडली तर ती वाचणार कोण, याचा विचार झाला आहे का?

मुलांचा आवाज या शहराला नवा नाही. नोव्हेंबर 1938 मध्ये इथल्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना वंदे मातरम् म्हणू नका असे फर्मावण्यात आले. विद्यार्थ्यांनी ऐकले नाही. निजामाच्या राज्यात ही साधी गोष्ट नव्हती. त्यांना काढून टाकण्यात आले, संप हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोचला, शेकडो विद्यार्थ्यांचे शिक्षण थांबले. त्यातल्या कितीतरी जणांना पुढे नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. औरंगाबादेत त्या काळी शिकवणारे गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे लोक या मुलांच्या पाठीशी होते. आज किलेअर्कला वंदे मातरम् सभागृह उभे आहे. दर 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनी आपण त्या पोरांच्या धैर्याविषयी भाषणे करतो आणि ती भाषणे ऐकायला मुलांना उन्हात बसवतो. त्यातले एखादे मूल पाणी मागायला उठले तर त्याला खाली बसवले जाते.

त्याच्याही आधी, 1855 मध्ये, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. एका शाळकरी मुलीचा संताप कुणी दडपला नाही, तो लोकांसमोर आला. शाळेने मुलाच्या आवाजाचे काय करायचे असते, हे मराठी माणसाला सुमारे 170 वर्षांपूर्वीच दाखवून दिलेले आहे.

शिक्षकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे, मी त्यांच्यातलीच आहे. निनावी चिठ्ठीने एखाद्या चांगल्या गुरुजींचे आयुष्य उद्ध्वस्त होईल, गावातले राजकारण पेटीतून शाळेत शिरेल, ही भीती खोटी नाही. पण त्यावरचा उपाय पेटी बंद ठेवणे हा नव्हे. चिठ्ठी म्हणजे निकाल नसतो, चौकशीची सुरुवात असते. चौकशी लवकर, गुपचूप आणि बाहेरच्या माणसाकडून झाली, तर निर्दोष शिक्षकालाही त्याच आठवड्यात मोकळे होता येते. रेंगाळलेली चौकशी आणि गावभर झालेली कुजबुज दोघांनाही मारते. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर शाळेला आपली चौकशी होईपर्यंत थांबताच येत नाही. पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे संशय आला तरी पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाचे म्हणणे नोंदवायला पोलिसांनी गणवेशात यायचे नाही, मुलाला बरे वाटेल तिथे यायचे, हेही त्याच कायद्यात आहे. आणि मुलाने चुकीची माहिती दिली असे पुढे निघाले तरी त्याला शिक्षा करता येत नाही. हे शेवटचे वाक्य किती मुख्याध्यापकांना ठाऊक असेल? ‘खोटं निघालं तर तुझं बघतो’ ही धमकी शाळांत सर्रास दिली जाते, म्हणून विचारते.

आता आपल्याकडे मागणे आहे. यातले बहुतेक आपल्या सहीने होण्यासारखे आहे. मंत्रालयाची वाट पाहावी लागणार नाही.

पेटी मुख्याध्यापकांच्या दालनासमोरून काढा आणि मुलांच्या येण्याजाण्याच्या जागी लावा, जिथे चिठ्ठी टाकताना कुणी बघणार नाही. तिची किल्ली शाळेबाहेर ठेवा. गावातली अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा समितीतली एखादी आई चालेल. उघडण्याचा वार ठरलेला असावा आणि त्या वेळी दोन मुले हजर असावीत, फक्त नाजूक चिठ्ठी त्यांच्यासमोर वाचू नये. छोट्या तक्रारींचे काय केले, ते पुढच्या आठवड्यात परिपाठात सांगावे. टाकी धुतली, कडी बसवली, बसच्या आगारप्रमुखांना पत्र दिले. जे जमले नाही ते का नाही, तेही सांगावे. मुलांना नकार समजतो. मौन समजत नाही.

निवासी शाळा आणि विशेष मुलांच्या शाळा ज्या विभागांकडे आहेत, त्यांच्याशी आपण स्वतः बोला. तिथे चिठ्ठीवर भागणार नाही. न कळवता जाऊन, मुलांच्या अंगाकडे, जेवणाकडे, झोपण्याच्या जागेकडे पाहणारा आणि ठरावीक काळाने पुन्हा तिथेच येणारा माणूस लागेल, म्हणजे मूल त्याला ओळखू लागेल.

आणि तो रकाना. निरंक आलेल्या शाळेला शाबासकी देण्याऐवजी तिथे आधी माणूस पाठवा. ज्या शाळेतून वीस तक्रारी आल्या आणि सोळा निकाली निघाल्या, त्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा जिल्हा परिषदेत सत्कार करा. आज तक्रार आली की मुख्याध्यापक बदनाम होतो, म्हणून तो तक्रार येऊच देत नाही. हे गणित आपण उलटे केले तर शाळा आपोआप कान देऊ लागतील. शहरातल्या खासगी इंग्रजी शाळांनाही हेच लावा. तिथले पालक फी भरतात आणि मुलाला त्रास होईल म्हणून गप्प बसतात. त्यांची भीती सोयगावच्या बापाच्या भीतीहून वेगळी नाही.

सुरुवात करायला बैठक नको, परिपत्रक नको. या आठवड्यात, न सांगता, आपण कोणत्याही एका शाळेत जा. कार्यालयात बसू नका. मुलींच्या शौचालयाला आतून कडी लागते का ते एखाद्या शिक्षिकेला बघायला सांगा. पेटीची किल्ली कुणाकडे आहे ते विचारा, आणि ती शेवटची कधी उघडली याची तारीख वहीत शोधा. तारीख नसेल, तर त्या शाळेचा निरंक अहवाल स्वीकारू नका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
छत्रपती संभाजीनगर